लेबलाखालचं लेबल

फोन वाजला तेव्हा ग्रंथपालबाईंना एकशे एक ताप होता. जहाजाच्या कागदांप्रमाणे मात्र त्या ठणठणीत होत्या.

"उठलीस का गं?" नवऱ्याचा आवाज नवव्या मजल्यावरून वाऱ्यासकट आला. "आज डॉल्फिन दिसले. तीन. त्यातला एक अगदी आपल्या मोठ्या जावयासारखा. नुसताच फिरत होता."

बाई हसायला गेल्या आणि खोकला आला. फोन हातात धरायचं त्राण नव्हतं, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकून उशीवर ठेवला.

त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, जहाजाच्या पोटात होती. तिला खिडकी नव्हती, पण पडदा होता. तो सारला की मागे भिंत. सहलीच्या पहिल्या दिवसापासून नवरा रोज सकाळी तो पडदा दोन्ही हातांनी झोकात उघडायचा, भिंतीकडे डोळे बारीक करून बघायचा आणि जाहीर करायचा, "आज समुद्र शांत आहे." बाई रोज हसायच्या. एकतीस वर्षांच्या संसारात दोघांना विनोद पुरवून पुरवून वापरायची सवय लागली होती.

मग जहाजावर विषाणू आला आणि सगळ्यांना खोल्यांत कोंडलं. कॅप्टननं स्पीकरवरून सांगितलं, की जे पॉझिटिव्ह निघतील त्यांना मोकळी हवा हवी, तेव्हा त्यांना वरच्या बाल्कनीच्या खोल्या मिळतील. निगेटिव्ह लोकांनी आहे तिथेच राहायचं. जहाजभर लोक आशेनं खोकू लागले.

दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी दोन बाटल्या आल्या आणि चार लेबलं. दोन जादा, चुकलं तर. नावं बाईंनीच लिहिली, चिकटवलीही त्यांनीच. "तू पड आता," नवरा म्हणाला. "बाटल्या बाहेर मी ठेवतो." इतक्या मायेनं तो कधी बोलला नव्हता. पॉझिटिव्ह तोच निघाला. जाताना डोळ्यांत पाणी आणून गेला. बॅग मात्र आदल्या दिवशीच भरलेली होती.

"गोळ्या घेताय ना?" बाईंनी विचारलं.

"घेतोय गं. बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्रही दिलंय. नव्व्याण्णव."

"मलाही दोन गोळ्या पाठवायला सांगा ना. रात्रभर अंग फणफणत होतं."

"निगेटिव्ह माणसाला देत नाहीत. नियम आहे. आणि हे सगळे मनाचे खेळ असतात बघ."

तेवढ्यात दार वाजलं. डॉक्टरीण आत आली. वय पंचविशीचं, डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये, दुकानातून नुकतीच घरी आणल्यासारखी. हातात एक पिशवी होती आणि पिशवीत बाटली.

"काकू, एक विचारायचं होतं. वरचे काका चार दिवसांत एकदाही शिंकलेले नाहीत. काल पुन्हा तपासलं. निगेटिव्ह. म्हणून त्यांची जुनी बाटली काढून बघितली."

उशीवरच्या फोनमधून आता नुसता वारा येत होता. डॉल्फिन बंद झाले होते.

बाईंनी पिशवी दिव्याजवळ धरली. लेबलावर नवऱ्याचं नाव होतं, त्याच्याच अक्षरात. जागा न पुरल्यामुळे आडनाव बाटलीला वळसा घालून गेलं होतं. त्या लेबलाचा एक कोपरा सुटला होता. कोपऱ्याखाली दुसरं लेबल होतं, त्यावर बाईंच्या स्वतःच्या नावाची सुरुवात, आणि ते निळ्या शाईतलं, एका रेषेत बसलेलं अक्षर बाईंनी खोलीच्या त्या टोकावरूनही ओळखलं असतं. त्या अक्षरात त्यांनी अख्खं ग्रंथालय लिहून काढलं होतं.

"अगं," फोन म्हणाला, "म्हणजे काय झालं, घाईत..."

"जुनं आधी काढायचं असतं," बाई म्हणाल्या. "मग नवं लावायचं. सगळ्या शिपायांना हेच सांगत आले."

"तुला एवढं काही झालंय हे मला काय माहीत?"

"तपासणीच्या आदल्या संध्याकाळी माझा ताप तुम्हीच मोजलात. किती म्हणालात?"

"अठ्ठ्याण्णव."

"आणि होता किती?"

डॉक्टरीण प्लास्टिकच्या आतल्या आत खाकरली.

"शंभर," फोन म्हणाला.

दुपारी बाईंना चाकाच्या खुर्चीतून वर नेलं आणि त्यांच्या नवऱ्याला खाली आणलं. नियमाप्रमाणे वेगवेगळ्या लिफ्टनं. वरच्या खोलीतल्या टेबलावर गोळ्यांची पाकिटं रचून ठेवली होती. एकही फोडलेलं नव्हतं. बाईंनी एक फोडलं, गोळी घेतली आणि बाल्कनीत जाऊन बसल्या. बोटाला यंत्र लावलं. एक्क्याण्णव. समोर समुद्र चांगलाच खवळला होता. डॉल्फिन वगैरे काही नव्हतं.

फोन वाजला.

"पोचलीस का गं? बरी आहेस ना? इथे फार कोंडतंय. तू चार दिवस कशी..." नवरा थांबला. मग जरा लाडात येऊन म्हणाला, "काय दिसतंय तिकडून?"

"पडदा उघडा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"पडदा. उघडा ना."

फोनमधून पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज आला. दोन्ही हातांनी नाही, एका हातानं, हळूहळू.

"उघडला."

"मग सांगा," बाई म्हणाल्या, "आज समुद्र कसा आहे?"