पावलांखालचे ठिपके

सुरुंग काढणाऱ्या पथकाच्या तंबूत वहिनी नव्या यंत्राच्या पडद्यावर डोळे लावून बसली होती. सुरुंग असेल तिथं लाल ठिपका उमटायचा. समोरचा माळ पडद्यावर नुसता हिरवा दिसत होता, एकही ठिपका नव्हता, म्हणूनच धाकटा दीर निर्धास्त आत गेला होता.

“वहिनी, यंत्राला डुलकी लागली का?” वायरलेसवर तो हसला.

तेवढ्यात त्याच्या मागं ठिपका उमटला. मग दुसरा, तिसरा. बरोब्बर त्याची पावलं पडून गेली होती तिथंच.

तिनं यंत्र बंद करून पुन्हा लावलं. ठिपके तसेच. पण तिथून तर तो धडधाकट चालत गेला होता!

“भाऊजी, हलू नका.”

“का हो? आल्या पावलांवरूनच परततो की. नियमच आहे आपला.”

“नको!”

“मग पाय ठेवू कुठं?”

तो उभा होता तिथं दोन ठिपके हळूहळू लाल होत होते.