बटणांच्या बाई

“तोंडाकडे बघायचं नाही, हातांकडे बघायचं. आणि पोर कितीही अडलं तरी सांगायचं नाही.” प्रशिक्षण देणाऱ्या मोठ्या बाई असं म्हणाल्या होत्या, त्याला वीस वर्षं होऊन गेली. बटणांच्या बाईंनी तो नेम अजून एकदाही मोडला नव्हता.

शाळाशाळांतून हिंडायचं, बालवर्गातल्या एकेका मुलाला समोर बसवायचं, बटणं, वाट्या, लाकडी चकत्या हातात द्यायच्या आणि पोराची आकड्यांशी कितपत ओळख झालीय ते तक्त्यावर उतरवायचं, हे त्यांचं काम. त्यांचं हे नाव मुलांनीच पाडलेलं.

जिन्याखालच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या गर्दीत, आज त्यांच्यासमोर एक साडेपाच वर्षांची मुलगी बसली होती. वर्गात तिला सगळे गोगलगाय म्हणत. तिचा हा ओळीने तिसरा गुरुवार. बहुतेक मुलांचं पहिल्याच खेपेला उरकलं होतं, अडलेली दोघं-तिघं दुसऱ्या खेपेला सुटली. राहिली ती ही एकटी. आजही जमलं नाही तर तक्त्यावर ‘अजून कच्ची’ असा शेरा पडणार होता, आणि बाकीचा वर्ग पहिलीत गेला तरी हिने पुन्हा वर्षभर बालवर्गातच बसायचं होतं. वर्गशिक्षिकेने तर सकाळीच हात टेकले होते. तुम्ही उगीच घसा कोरडा करताय, त्या गोगलगायीकडून काही निघायचं नाही, असं तिने दारातूनच सांगून टाकलं होतं.

“मला पाच बटणं दे,” बाई म्हणाल्या.

मुलीने तीन दिली.

सहा वाट्यांवर एकेक झाकण ठेवायला सांगितलं, तर तिने चारच झाकणं उचलली. चकत्या लहानीपासून मोठीपर्यंत लावायच्या होत्या, तिने मधलीच एक उचलून सगळ्यांत पुढे बसवली. प्रत्येक चुकीनंतर ती बाईंच्या पेन्सिलीकडे बघायची आणि खुशाल पाय हलवत बसायची. मध्येच तिने विचारलं, तुम्ही झोपता तेव्हा तुमचा चष्मा कुठे असतो. उशाशी, बाईंनी सांगितलं. मग, तो खाली पडला तर कोण उचलतं, हेही तिने विचारून घेतलं. त्यांच्या चष्म्याची कुणी अशी चौकशी केल्याला बरीच वर्षं लोटली होती.

शेवटी त्यांनी तक्ता पालथा घातला आणि आवरायला घेऊ म्हणाल्या.

मुलगी बटणं पिशवीत भरू लागली. ओठ मिटलेले, नजर हातावर. शेवटचं बटण टाकून ती थबकली. पिशवीत डोकावली, मग टेबलाखाली वाकली. खुर्चीच्या पायामागून एक बटण शोधून काढलं, फुंकर मारून आत टाकलं आणि पिशवीची नाडी ओढली.

बारा. पिशवीत बारा बटणं असतात, हे बाईंनी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

“तुला येतंय की गं सगळं,” त्या हळूच म्हणाल्या. “मग चुकवतेस कशाला?”

मुलगी बराच वेळ नाडीला गाठी मारत बसली.

“बरोबर आलं की जायला लागतं,” ती म्हणाली. “चुकलं की तुम्ही परत बोलावता.”

कुठे जायला लागतं, तेही तिने तक्रारीचा सूर न लावता सांगितलं. वर्गात तिच्या सतरंजीवर दुसरं कुणी बसत नाही. शाळा सुटली की सगळ्यांना न्यायला माणसं येतात, तिचे बाबा कामावरून सुटून मग येतात. तोवर ती फाटकाजवळच्या बाकावर असते. शिपाईकाका असतात तिथे, पण ते बोलत नाहीत.

शेरा लांबवणं बाईंच्या हातात होतं. आणखी एक गुरुवार मागून घेतला असता तर कुणी नाही म्हटलं नसतं. त्यांना स्वतःलाही तो हवासा वाटला, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. पुन्हापुन्हा चुकत राहिली तर पोरीचं वर्ष जाणार होतं.

“असं कर,” त्या म्हणाल्या. “आता सगळं नीट करून दाखव. पुढच्या गुरुवारी शाळा सुटायच्या वेळेला मी फाटकाशी येते. बाबा येईपर्यंत बसू आपण.”

“तपासायला?”

“छे. नुसतीच.”

मुलीने त्यांना नीट न्याहाळलं. “नुसतं कोण येतं?”

“मी येईन. शब्द दिला.”

मग पाच बटणं मोजून टेबलावर आली, सहा वाट्यांना सहा झाकणं मिळाली, चकत्या पायऱ्यांसारख्या चढत गेल्या. सगळं पाच मिनिटांत झालं. बाईंनी ‘तयार’ असा शेरा लिहिला. मुलगी उठली, खुर्ची आत सारली आणि वर्गाकडे निघाली. तिची चाल मात्र खरोखरच संथ होती.

पुढच्या गुरुवारी कचेरीने बाईंना शहराच्या दुसऱ्या टोकाची शाळा दिली. सकाळची मुलं संपवून त्या कचेरीत आल्या आणि अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज भरून कारकुनापुढे ठेवला. कारणाच्या जागी त्यांनी ‘घरगुती’ असं लिहिलं होतं.

कारकून जिभेला हाड नसलेला माणूस. त्याने अर्ज दोनदा वाचला.

“बाई, तुमच्या घरात तर एक मांजरसुद्धा नाही. घरगुती काय असणार?”

“आहे थोडं,” बाई म्हणाल्या.

त्यांनी चपला पायात सरकवल्या. जिना उतरताना एकदा घड्याळ बघितलं आणि बसथांब्याच्या दिशेने जरा भरभर पावलं टाकली.