आटवलेलं पाणी

धनश्रीला पांडेसऱ्यातल्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये कामाला लागून आठवडा झाला होता. आज सरावासाठी तिने आपल्याच गल्लीतल्या बोअरचं पाणी नेलं.

"शिसं इतकं थोडं असतं की मशीनला सापडत नाही," मॅडमनी शिकवलं. "म्हणून पाणी पाव होईपर्यंत आटवायचं. पाणी उडून जातं, शिसं सगळं खाली राहतं."

तिने आटवलं, मशीनला लावलं. आकडा पाहून मॅडमनी हळूच विचारलं, "हे पाणी कुणी पीत नाही ना?"

घरी आली तेव्हा आई त्याच बोअरचं पाणी गॅसवर ठेवून उभी होती. दोन वर्षांपूर्वी बाबांची किडनी बिघडली आणि डॉक्टरने पाणी उकळून प्यायला सांगितलं. तेव्हापासून सरलाबाईने नवऱ्याला बिनउकळलेल्या पाण्याचा घोट घेऊ दिला नव्हता.

"आई, बाबांचं पाणी..." धनश्रीने पातेल्यात डोकावलं.

"त्याची नको काळजी करू बेटा," पातेल्याच्या तळाशी उरलेलं पाणी दाखवत सरलाबाई म्हणाली, "अर्ध्यावर आणून गुण येईना, म्हणून आता पाव होईपर्यंत आटवते."