देवीला वळसा

मासे दाखवणाऱ्या नव्या यंत्राची केबल नावेच्या तळातून सुकाणूपर्यंत न्यायची होती. त्याची स्क्रीन सुकाणू धरणाऱ्या नवऱ्याला डोळ्यांसमोरच हवी होती. केबल कापून जोडलेली चालत नाही, म्हणून मिसाएने दोरीने वाट मोजली. सरळ नेली तर जेमतेम पुरत होती, पण मध्ये लाकडी ठोकळा होता. तिने त्यावर ड्रिल टेकवताच नवरा म्हणाला, "तिथे भोक नको. आत नावेची देवी आहे." नाव बांधताना सुतार देवीपाशी बाईच्या केसांची बट ठेवतात. "कुणाची बट?" "तुझी." "अहो, तेव्हा मी तुम्हाला ओळखतही नव्हते." "मी ओळखायचो. तुझ्या बहिणीला ऑक्टोपस दिला, तिने बट आणली." "एका ऑक्टोपसवर विकलं मला?" "मोठा होता." मिसाएने ठोकळ्याला वळसा घालून केबल नेली. त्यामुळे ती सुकाणूपर्यंत पुरली नाही. मिसाए जाळं ओढायची तिथेच स्क्रीन बसली. "आता मासे कुठेत ते मला विचारा."