हाताचा साचा

"बाबा, कापूस कशाला?"

"लागतो," असं म्हणून प्लास्टरवाला आपल्या आईच्या हाताभोवती कापसाची पट्टी गुंडाळत राहिला. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर बरोबर निम्मा चढलेला. हॉस्पिटलात हाड बसवून झालं, की प्लास्टर घालायला त्यालाच बोलावत. एकोणीस वर्षांत त्याने किती हातपाय असे गुंडाळले, याची मोजदाद त्याच्याकडेही नव्हती.

मुलीच्या सुट्टीच्या वहीत लिहिलं होतं : घरातल्या मोठ्या माणसांबरोबर एक वस्तू तयार करा. तिने आजीचा प्लास्टरचा हात करायचं ठरवलं. सुरकुत्या, फुगलेल्या शिरा, वाकडी करंगळी, सगळ्यासकट. आणि तो आजच व्हायला हवा होता. साडेचारला प्लास्टरवाल्याची ताई गाडी घेऊन आईला न्यायला येणार होती, कायमची. ताईकडे लिफ्ट होती. इथे तीन जिने होते, आणि त्यांच्यापुढे आईच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते.

"बघणाऱ्याला वाटेल, म्हातारी जिन्यावरून पडली, आता पोरगा तिला बहिणीच्या गळ्यात मारतोय," आई म्हणाली.

"आई, हलू नकोस."

"तू हलायचास तेव्हा मी धपाटा घालायचे. घाल की."

मुलगी खुदकन हसली. तिच्याकडे पाण्याच्या घमेल्याचं काम होतं. तिने प्लास्टरच्या पट्टीची गुंडाळी पाण्यात बुडवली. बुडबुडे भराभर वर आले, मग एकेक करून, मग एकही नाही.

"आता काढ. हलकेच पीळ."

कापसावर ओली पट्टी चढू लागली. प्लास्टरवाला तळव्याने ती सारखी करत होता. मुलगीही एका बाजूने हात फिरवू लागली.

"नुसती चिकटवू नकोस. कड अंगठ्याने दाब."

आईने मान वर केली. "हे माझं वाक्य आहे."

तिचंच होतं. ते कुठून आलं, हे तिने नातीला सांगितलं. त्याच्या शाळेच्या सुट्टीतल्या दुपारी ती पातेलं पालथं घालायची आणि दोघं त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवायचे. वाघाचा मुखवटा. तिसऱ्या थराला तो कंटाळायचा. सात थर झाल्याशिवाय ती उठू द्यायची नाही. खळ सुकून बोटं ताठ व्हायची, आणि ती सोलून काढण्यात पुढचा तास मजेत जायचा.

"मग तो वाघ कुठे आहे?" मुलीने विचारलं.

"उंदरांनी खाल्ला," आई आणि तो एकदमच म्हणाले.

"वाघाला?"

"नाकापासून सुरुवात केली," आई म्हणाली. "खळ छान जमली होती ना. गव्हाचं पीठ."

दहा मिनिटांनी त्याने प्लास्टरवर नख वाजवलं. टक्क आवाज आला. करंगळीच्या बाजूने त्याने कात्री चालवली, कवच शिंपल्यासारखं उघडलं आणि आईने हात बाहेर काढला. मुलगी आत डोकावली.

"बाबा, रेषा कुठे आहेत?"

आत नुसता कापूस होता. त्याने तो घाईघाईने सोलून काढला. खाली गुळगुळीत पांढरा पोकळ आकार. शिरा नाहीत, नखं नाहीत, करंगळी कुठली तेही कळेना. कोणाचाही असू शकला असता तो हात.

कापूस असतोच मुळी प्लास्टर कातडीला लागू नये म्हणून. हे तो नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवत असे.

"मी आजीच्या हाताला तेलसुद्धा लावलं होतं," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. "विचारलं होतं मी, कापूस कशाला."

"विचारलं होतंस."

प्लास्टरची दुसरी गुंडाळी घरात नव्हती. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान पाचला उघडत होतं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. तो उठला, पुन्हा बसला. आईकडे बघवेना, म्हणून घमेल्यातलं गढूळ पाणी बघत राहिला.

"अरे, एवढं काय झालं?" आई म्हणाली. "चांगला गुबगुबीत झालाय. माझा कधी नव्हता असा."

मुलगी हसली नाही. तिने ते कवच जवळ ओढलं आणि त्यात आपला हात सरकवला. मग मनगटापर्यंत घातला. मग तशीच थांबली.

"बाबा, आत गरम आहे."

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. पाणी शोषून घेताना ते उष्णता बाहेर टाकतं आणि थोड्या वेळाने थंड पडतं. घाबरलेल्या प्रत्येक पोराला तो हे समजावून सांगे. आताही सांगायला त्याने तोंड उघडलं.

"आजीचा हात असतो तसंच," मुलगी म्हणाली.

त्याने तोंड मिटलं.

"तू पण घालून बघ ना. मावेल तुझा. कापूस काढलाय आता."

त्याने हात घातला. रुंद होता त्याचा हात, तरी बोटांपासून मनगटापर्यंत अडथळा न येता आत गेला. कापसाने अडवून ठेवलेली जागा त्याला पुरेपूर झाली. चारी बाजूंनी ऊब होती.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. मुलगी खिडकीकडे धावली. "आत्या आली!"

प्लास्टरवाला उठला नाही. आई खुर्चीतून पुढे वाकली आणि तेलकट बोटाच्या पेराने तिने त्या पांढऱ्या हातावर दोनदा टकटक केलं.

"कोण आहे रे आत?"