दाजींची बत्तिशी

आमच्या बॅटरीच्या कारखान्यात ॲसिडच्या वाफेनं सगळ्यांचे पुढचे दात झिजत चालले होते. वाफ बाहेर फेकणारे पंखे बसवा, म्हणून आम्ही संपावर गेलो, तर साहेबांनी माउथवॉशच्या बाटल्या पाठवल्या. कुणी हात लावेना. तेव्हा युनियनचे पुढारी, म्हणजे माझे सख्खे दाजी, बाकावर चढले.

"दोन वर्षं हेच वापरतोय मी. दिवसातून तीन वेळा चूळ भरा, बास! हे बघा," म्हणत त्यांनी सगळी बत्तिशी दाखवली. पांढरीशुभ्र! वीस वर्षं आमच्याच वाफेत काढलेला, आमचाच माणूस. पंख्यांची मागणी सोडल्याच्या कागदावर पहिली सही मीच ठोकली.

वर्षभर इमानेइतबारे चुळा भरल्या. आता गार पाण्याच्या घोटानंही कळ थेट मस्तकात जाते. आज जाब विचारायला तरातरा त्यांच्या घरी गेलो. ताईनं दार अर्धवटच उघडलं.



"आज ते कुणासमोर यायचे नाहीत रे. चार वर्षं चालली, पण सकाळी बेसिनमध्ये पडून तुटली त्यांची कवळी."