खिंडीपर्यंत

लोणावळ्याहून आलेला वकील आंब्याखाली उभा राहून बोलत होता, पण डोंगरावरच्या त्या वाडीत कुणाचाच त्याच्यावर विश्वास बसत नव्हता. "माणूस म्हणून जन्मलेल्या प्रत्येकाला सारखेच हक्क असतात. तुम्हाला फुकट राबवून घ्यायचा अधिकार पाटलाला नाही, गोऱ्या सरकारलाही नाही." बायका एकमेकींकडे बघू लागल्या. असंच गोड बोलून पोटातलं काढून घेणारी आणि पाटलाच्या कानावर घालणारी माणसं त्यांनी पाहिली होती. "यापुढं वेठीला कोण नाही म्हणेल? हात वर करा." एकही हात वर झाला नाही. म्हातारी बायडाबाई तेवढी उठली आणि तिनं वकिलाच्या मागच्या लोखंडी पेटीकडे बोट केलं. "सायेब, ही पुस्तकांची पेटी आमच्या नवसूनं डोक्यावर आनली. पाटलानं त्याला वेठीला धाडलं व्हतं. आता खाली कोन नेनार?" वकील ओशाळला. पाटलानं मजुरी देऊन हमाल दिलाय, अशीच त्याची समजूत होती. त्यानं भाषण तिथंच आवरलं, पेटी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि उतरणीला लागला. हे सोंग किती वेळ टिकतंय, ते वाडी बघत राहिली. वकील वळणापर्यंत गेला तरी थांबेना, तसा नवसू उठला आणि त्याच्यामागं पळत सुटला. त्यानं वकिलाला गाठलं, पण पेटीला हात लावला नाही. "खिंडीपर्यंत तुमीच न्या, सायेब," तो धापा टाकत म्हणाला. "खिंडीच्या पुढची वाट पाटलाच्या ओट्यावरनं दिसती. तितून माझ्या डोक्यावर द्या."